चौथा शब्द

मार्च महिन्यात आमच्या प्रयोगातली केळीची सोळा झाडं फेब्रुवारीपेक्षा वीतभर बुटकी झाली. झाड वाळतं, मोडतं, वाऱ्यानं आडवं होतं. बुटकं होत नाही. हे कळायला शेती शिकावी लागत नाही. तरी कागदावर ती बुटकी झाली, आणि त्या कागदावरून एका माणसाची मोजणी खोटी ठरली. चूक माझी होती. ती मला दोन महिन्यांनी सापडली आणि तेव्हा मी ती कोणाला सांगितली नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी धुळ्याची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पंचविशीतली. जळगावजवळ एका संस्थेचं प्रयोगाचं शेत होतं, तिथे मला वर्षाच्या ऑर्डरवर नोकरी मिळाली. प्रयोग साधा होता. ठिबकवरच्या केळीला पूर्ण पाणी, पाऊण पाणी आणि निम्मं पाणी द्यायचं आणि झाड किती वाढतं ते दर महिन्याला मोजायचं. बाग कांदेबाग होती, म्हणजे ऑक्टोबरात लावलेली. सहा प्लॉट, प्रत्येकात बारा ओळी: एका कडेच्या चार ओळींना पूर्ण पाणी, मधल्या चारांना पाऊण, दुसऱ्या कडेच्या चारांना निम्मं. प्रत्येक ओळीत खूण केलेली दोन झाडं. तीन माणसं मोजायची, दोन-दोन प्लॉट वाटून घेतलेले. त्यांच्या वह्या माझ्याकडे यायच्या, मी आकडे संगणकात भरायचे आणि सरासऱ्या, आलेख काढून शेताच्या प्रमुखांना, साहेबांना द्यायचे.

मोजणाऱ्यांत दोघं माझ्याच वयाचे होते. तिसरे नाना. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, पांढरी टोपी, खिशात टेप, हातात खुणा केलेला बांबू. नानांचं गाव पारोळ्याच्या पुढे आत होतं. आठवडाभर ते शेतावरच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. मीही शनिवारी धुळ्याला जायचे. सोमवारी सकाळच्या धुळे-जळगाव एसटीत मी आधीच बसलेली असायचे, पारोळ्याला नाना चढायचे. एरंडोल येईपर्यंत गावच्या गोष्टी सांगायचे. त्यातली त्यांची सर्वांत आवडती गोष्ट एकच, वेगवेगळ्या नावांनी.

"गावमा बांधनी कटकट व्हयनी की माले बलावतस, ताई. सरकारी मोजणीवाला येस त्याले दोन्हीबी पार्ट्या शिव्या देतस. मी मोजं की गप बसतस."

"का बरं गप बसतात?"

"मी कोनाकडे चाय पेत नही मोजणीना दिवस."

हे ते अगदी गंभीरपणे सांगायचे. मी हसायचे. गावात त्यांच्याकडे जमीन फारशी नव्हती, घरही साधं असावं. त्यांच्या काठीनं जिथे खूण केली तिथे दोन भाऊ दगड रोवतात आणि पुन्हा भांडत नाहीत, हीच त्यांची ऐपत होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

मोजणीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांची वही उघडली तर डाव्या बाजूला एकाखाली एक लिहिलेलं: तास १, तास २, तास ३, असं बारापर्यंत. मला वाटलं मोजणीची वेळ लिहिली आहे.

"नाना, बारा तास लागले तुम्हाला?"

"बारा तासमा मी बठ्ठी बाग मोजी टाकसू, ताई!" शेजारचे दोघं हसायला लागले. मग नानांनी मला बाहेर नेऊन बोटानं दाखवलं. तास म्हणजे झाडांची ओळ. "आनि मना पयला तास हिरपासून शे. पानी जठे पयले येस, तो पयला तास."

हिर म्हणजे विहीर. साहेबांनी काढलेल्या नकाशात ओळींचे नंबर रस्त्याकडून होते, कारण साहेब जीपनं रस्त्याकडून यायचे. बाकीचे दोघं नकाशाप्रमाणे मोजायचे. नाना तीस वर्षं पाणी येतं तिकडून मोजत होते आणि आता बदलणार नव्हते. मी बदला म्हटलंही नाही. त्यांचा बारावा तो नकाशातला पहिला, अकरावा तो दुसरा. उलटं करायला संगणकाला काय लागतं, असं मी म्हणाले. याचा मला अभिमानच वाटला.

आता संगणकाचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे. साहेबांकडे विकत घेतलेला एक मोठा प्रोग्राम होता, तो त्यांच्या केबिनमधल्या एकाच मशीनवर चालायचा आणि केबिनला कुलूप असायचं. माझ्या एका मैत्रिणीनं पुण्याहून फ्लॉपींवर आर नावाचा प्रोग्राम पाठवला. एकाच अक्षराचं नाव आणि किंमत काहीच नाही. साहेबांना ही दोन्ही लक्षणं वाईट वाटली. "फुकटच्या गोष्टीवर आपण समितीपुढे उभं राहायचं का, बाई?" मी महिनाभर त्यांच्या मागे लागले. त्यांच्या प्रोग्रामवरचे आकडे आणि माझे आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवले. शेवटी ते म्हणाले, "करा. पण जबाबदारी तुमची."

मी साठ-सत्तर ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. फाइल उघड, ओळी नकाशाशी जुळव, सरासरी काढ, आलेख काढ. सुरुवातीला दर महिन्याला मी स्क्रिप्ट उघडून तिच्या पोटात प्लॉटचा नंबर, महिना बदलायचे. एकदा बदलताना एक कंस पुसला गेला आणि अर्धा दिवस तो शोधण्यात गेला. तेव्हा ठरवलं की स्क्रिप्टला हात लावायचा नाही. जे बदलतं ते बाहेरून द्यायचं. डॉसची काळी खिडकी उघडायची, स्क्रिप्टचं नाव टाइप करायचं आणि पुढे एकेक जागा सोडून शब्द द्यायचे. मी नाव 'केळ' ठेवलं होतं. तर असं: केळ ३ फेब उंची विहीर. अर्थातच इंग्रजी अक्षरांत. पहिला शब्द प्लॉट, दुसरा महिना, तिसरा उंची की खोडाचा घेर, चौथा मोजणी कुठून सुरू झाली ते. या शब्दांना अर्ग्युमेंट म्हणतात. साहेब दारातून जाताना विचारायचे, "काय, मशीनशी अर्ग्युमेंट चाललीय का?" आणि स्वतःच हसायचे.

यंत्राला त्या शब्दांचे अर्थ कळत नाहीत, जागा कळतात. पहिल्या जागी आलं ते प्लॉट, एवढंच. आणि चौथ्या जागी काहीच आलं नाही तर काय, हेही मीच लिहून ठेवलं होतं: काही नसेल तर रस्ता धर. चार प्लॉट रस्त्याकडून होते आणि दर वेळी तो शब्द लिहायचा मला कंटाळा यायचा. दोन प्लॉटांपुरता 'विहीर' लिहिला की झालं. फेब्रुवारीपर्यंत मी प्रत्येक ओळ हातानं टाइप केली आणि नानांच्या प्लॉटांपुढे तो शब्द न चुकता दिला.

मार्चअखेरीला प्रयोग तपासायला बाहेरची समिती येणार होती. सहा प्लॉट, उंची आणि घेर, म्हणजे बारा वेळा टाइप करायचं. त्यात दिवसातून दोनदा वीज जायची आणि मधूनच सगळं पुन्हा सुरू करावं लागायचं. म्हणून मी बारा ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या, म्हणजे फाइलचं नाव टाकलं की सगळं एका दमात चालेल. पहिली ओळ लिहिली, प्लॉट एकची. ती अकरा वेळा खाली उतरवली आणि आकडे बदलले. प्लॉट एक रस्त्याकडून होता. त्या ओळीत तीनच शब्द होते.

फाइल चालवली आणि चहाला गेले. परत आले तर सहा प्लॉटांचे आलेख तयार. एकही तक्रार नाही. तक्रार येणार कशी? चौथा शब्द नसला तर रस्ता धर, असं मीच सांगून ठेवलं होतं आणि त्यानं ऐकलं होतं.

नानांच्या दोन्ही प्लॉटांत निम्म्या पाण्याच्या झाडांना पूर्ण पाण्याच्या झाडांची उंची मिळाली आणि उलट. निम्म्या पाण्याची झाडं एका महिन्यात दीड-दोन फूट वाढलेली दिसली आणि पूर्ण पाण्याची आकसलेली. आलेख पाहून साहेबांनी मला बोलावलं नाही, नानांना बोलावलं. सोमवारी सकाळी साप्ताहिक कामं वाटायला सगळे व्हरांड्यात जमायचे, तिथेच. मोजणारे तिघं, मी, आणि पंधरा-वीस मजूर, त्यांतली दोन माणसं नानांच्याच गावची.

साहेबांनी कागद हातात धरला. "नाना, ही झाडं मार्चमध्ये लहान कशी झाली?"

नाना हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. "झाड कधी धाकलं व्हस का, साहेब?"

"तेच विचारतोय मी."

"मी मोजं तेच लिखं."

"मोजलं की खोलीत बसून भरलं? उन्हं वाढलीत, वय झालंय, मला समजतं. पण तसं सांगायचं. आकडे बनवायचे नाहीत."

कोणीतरी मागे खुसखुसलं. नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. साहेब माझ्याकडे वळले. साहेब तसे न्यायी होते, हेही सांगायला हवं. त्यांनी मला विचारलं. "बाई, तुमच्या मशीनमध्ये काही गडबड?"

मला त्या क्षणी चूक माहीत नव्हती. पण शंका यायला हवी होती. झाड बुटकं दिसतंय म्हटल्यावर पहिला प्रश्न मला पडायला हवा होता, आणि तो अर्ध्या मनानं पडलाही होता. सकाळी येऊन मी ती फाइल पुन्हा चालवली होती. तीच फाइल, त्याच बारा ओळी. तोच निकाल आला.

मी म्हणाले, "नाही सर. मी दोनदा चालवून पाहिलं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, बराच वेळ. तोंड उघडलं, मिटलं. खिशातून टेप काढून टेबलावर ठेवली. कोणी मागितली नव्हती.

एप्रिलपासून त्यांचे प्लॉट दुसऱ्या एकाकडे गेले. नानांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. एप्रिलमध्ये मोजणी त्या दुसऱ्यानं केली, अर्थातच रस्त्याकडून. मी तीच फाइल महिना बदलून चालवली आणि आलेख सुतासारखा सरळ आला. साहेब म्हणाले, "पाहा. माणूस बदलला की झाडं वाढायला लागली." सगळे हसले. मीही हसले असेन. नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही हे मला सोयीचं आहे.

मे महिन्यात अहवाल लिहायचा होता. नानांचे मार्चचे आकडे वगळावेत असं ठरलं होतं. वगळताना कारण लिहावं लागतं, म्हणून मी त्यांची मूळ वही काढली. मार्चच्या पानावर नेहमीसारखं तास १ ते तास १२, बारीक सरळ अक्षर, आणि पानाच्या डोक्यावर एक बाण. बाणापाशी लिहिलेलं: हिरकडून. दर महिन्याच्या पानावर तो बाण होता. मी इतक्यांदा पाहिलेला की आता दिसत नव्हता.

मी काळी खिडकी उघडून एकच ओळ हातानं टाइप केली. चार शब्द. आलेख आला तो फेब्रुवारीला आणि एप्रिलला असा जुळला की मध्ये नखही शिरणार नाही. नाना भर उन्हात बांबू घेऊन अठ्ठेचाळीस झाडांपाशी उभे राहिले होते. प्रत्येक झाडापाशी.

दुपारची वेळ होती. साहेब केबिनमध्ये होते, दार उघडं होतं. पंधरा पावलं. माझी ऑर्डर जूनमध्ये संपत होती आणि पुढची साहेबांच्या सहीनं निघणार होती. पण खरं कारण ते नव्हतं. फुकटचा प्रोग्राम मी आणला होता, जबाबदारी माझी म्हणून घेतली होती, आणि त्या व्हरांड्यात दोनदा चालवलं असं ठासून सांगितलं होतं. नोकरी गेली असती तर मी दुसरी शोधली असती. 'तरी मी म्हणत होतो' हे साहेबांचं वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

मी आत गेले आणि म्हणाले, "सर, मार्चचे आकडे आता घेता येतील. थोडी दुरुस्ती केली."

साहेब समितीच्या पत्रात डोकं घालून होते. "बरं झालं. घ्या."

त्यांनी कसली दुरुस्ती ते विचारलं नाही. मी उभी राहिले, मग बाहेर आले. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होते की मी सांगायला गेले होते, त्यांनी विचारलं नाही.

अहवालात नानांचे मार्चचे आकडे गेले. सगळ्यांत स्वच्छ आकडे तेच होते. नाना फाटकावरच राहिले.

एसटीत आम्ही अजून भेटत होतो. ते पूर्वीसारखे बोलत, फक्त बांधाच्या गोष्टी थांबल्या होत्या. एकदा मीच विचारलं, गावात मोजणी नाही का हल्ली?

"नही. आते तालुकावरथून मानूस बलावतस."

"का?"

"त्या दोन जनस्नी गावमा सांगं ना. नाना घरमा बसीसन आकडा भरस म्हनून." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमनं मशीन बरं शे ना, ताई?"

टोमणा होता की चौकशी, मला कळलं नाही. पुढच्या सोमवारपासून मी सहाची गाडी सोडून साडेसातची धरायला लागले. उशिरा पोचायचे. साहेबांना सांगितलं, आईला बरं नाही.

वर्षभरात मला धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं आणि मी जळगाव सोडलं. तिथे मुलांना मी हेच शिकवायचे, स्क्रिप्टला हात न लावता बाहेरून शब्द कसे द्यायचे ते. डिसेंबरात एका प्रात्यक्षिकात एका मुलीचा निकाल वेडावाकडा आला. मी पाहिलं, तिनं एक शब्द गाळला होता. मी म्हणाले, तपासून पाहा. ती तावातावानं म्हणाली, "मॅडम, मी दोनदा चालवून पाहिलं!"

मी तिला जरा जास्तच बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या शनिवारी मी पारोळ्याला उतरले आणि तिथून काळीपिवळीनं नानांच्या गावी गेले.

नाना निवृत्त होऊन काही महिने झाले होते. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहून गडबडीनं उठले, सुनेला हाक मारली, खाटेवर चादर टाकायला लावली. मी चहाआधीच सांगून टाकायचं ठरवलं होतं, आणि सांगितलं. सगळं. बारा ओळी, तीन शब्द, वहीवरचा बाण, मे महिना, साहेबांची केबिन. सांगताना मी भराभर बोलले, शिकवताना बोलते तशी.

नाना शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "माले म्हाईत व्हतं."

"काय?"

"साहेबना हातमा कागद व्हता ना. मना आकडा मी वळखस. बठ्ठा उलटा व्हता. बारावाना आकडा पयलाले."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणारच व्हतू. पन तुम्हीन सांगं, दोनदा पाहं म्हनून. शिकेल मानूस दोनदा पाहस, मंग मी काय सांगू?" दुसरी शेंग उचलत म्हणाले, "मी म्हनं, ताई पुन्हा पाहीन. मंग सांगीन."

म्हणजे ते फाटकावर बसून वाट पाहत होते. एसटीत मशीनची चौकशी करत होते ती यासाठी. आणि मी साडेसातच्या गाडीनं जात होते.

मी माफी मागितली. त्यांना ती ऐकून अवघडल्यासारखं झालं. हातातली शेंग खाली ठेवून म्हणाले, "माले सांगीसन काय व्हई, ताई? माले तं म्हाईतच शे. ज्यास्ले म्हाईत नही त्यास्ले सांगा. चला, पारवर बठ्ठा शेतस आते."

मी तयार नव्हते. मला वाटलं होतं ओट्यावरच संपेल. पण नानांनी टोपी घातली होती, चप्पल पायात सरकवली होती.

मारुतीच्या पारावर सात-आठ माणसं होती. त्यांत शेतावरच्या त्या दोघांपैकी एक होता, त्यानं मला ओळखलं. नाना मला पुढे करून बाजूला उभे राहिले. म्हणाले, "ह्या जळगावना मशीनवाल्या ताई. यास्ले काही सांगनं शे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सुरुवात नीट केली. म्हणाले, मागच्या वर्षी नानांवर आकडे खोटे भरल्याचा आळ आला, तो खोटा होता. नानांनी एकूण एक झाड मोजलं होतं. त्यांचे आकडे बरोबर होते. अहवालात तेच छापले गेले. एवढं बोलले आणि पुढचं वाक्य तोंडाशी आलं.

त्याआधीच एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हनजे मशीन चुकनं?"

त्यांनी किती सहज विचारलं. दार उघडून धरल्यासारखं. मी कॉलेजात शिकवणारी, चांगली साडी नेसून आलेली, सात-आठ अनोळखी पुरुष समोर.

मी म्हणाले, "हो. मशीनची चूक झाली."

पारावर एकदम मोकळं झालं. "तरी मी म्हनत व्हतू," एक जण म्हणाला. शेतावरचा तो माणूस म्हणाला, "नाना, मशीनलेबी चष्मा लावा आते!" सगळे हसले. म्हातारे गृहस्थ नानांना म्हणाले, "मना आनि मना भाऊना बांध तसाच पडेल शे. परवा काठी लईसन ये." नाना म्हणाले, "येसू." मला चहाचा आग्रह झाला. मशीनवर आणखी दोन-तीन विनोद झाले. त्या मशीननं मी दिलेला एकेक शब्द पाळला होता, आणि न दिलेल्या शब्दाबद्दलही मी सांगितलं तेच केलं होतं.

नाना हसले नाहीत. रागावलेलेही दिसले नाहीत. मला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत कापूस वेचणीला आलेल्या बायका भेटल्या, त्यांना त्यांनी माझी ओळख करून दिली नाही. फाट्यावर गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो.

"ताई, मशीनले आपोआप चुकता येस का?"

"नाही, नाना."

"मंग?"

"मी चुकले. तिथे सांगायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. "माले म्हाईत शे," ते म्हणाले.

गाडी आली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दांड्याला धरून दारातच उभी राहिले, आणि नाना मागे वळून पाराकडे चालायला लागलेले मला दिसले.